नवं गाणं लागलं की तुम्ही कुठे जाता?

मे २०२३ मध्ये बॅकस्ट्रीट बॉइज मुंबईत आले होते. बीकेसीत कार्यक्रम होता. मावशीने दोन तिकिटं काढली होती, पण काकांनी ऐनवेळी ‘मला त्यातलं काही कळत नाही’ म्हणून अंग काढून घेतलं आणि माझी लॉटरी लागली. मावशी मूळची सांगलीची. १९९९ मध्ये ‘मिलेनियम’ हा अल्बम आला तेव्हा ती नववीत होती. ती आणि तिची मैत्रीण, दोघींनी पैसे साठवून मिळून एकच कॅसेट घेतली. एक आठवडा हिच्या घरी, एक आठवडा तिच्या घरी. ती कॅसेट इतकी झिजली की शेवटी शेवटी आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा, असं मावशी अजून सांगते.

तर कार्यक्रम सुरू झाला. पहिलं ओळखीचं गाणं वाजलं आणि अख्खी गर्दी किंचाळली. दुसऱ्याला तेच. मग मध्येच त्यांनी नव्या अल्बममधलं एक गाणं घेतलं आणि गर्दी एकदम सैल पडली. कुणी पाण्याची बाटली आणायला निघालं, कुणी वॉशरूमच्या रांगेत. आमच्या पुढच्या ग्रुपने तेवढ्या वेळात आधीच्या गाण्याचे व्हिडिओ स्टेटसला टाकून घेतले. मीसुद्धा म्हटलं, ‘मावशी, चल, तेवढ्यात काहीतरी खाऊन येऊ.’ ती जागची हलली नाही.

परतताना कुर्ल्यापर्यंत रिक्षा केली. रिक्षात मी तिला विचारलं, ‘नव्या गाण्यांना काय गं थांबलीस तू?’ ती म्हणाली, ‘जुनी गाणी काय, पाठच आहेत मला. स्वयंपाक करताना म्हणते मी ती. हे लोक आता काय म्हणतायत ते ऐकायचं होतं. तेही बाप झालेत, मीही आई झालेय.’

तेव्हा मला ते फारसं कळलं नव्हतं. नंतर कळलं की मावशीने दोन वाक्यांत जे सांगितलं, त्यावर जगातल्या मोठमोठ्या बँडच्या मार्केटिंग टीम डोकं खाजवत बसल्या आहेत. तीस-चाळीस वर्षं जुन्या बँडने नवा अल्बम काढला, तर तो विकायचा कसा? विशेषतः तुम्हाला आणि मला, जे त्या बँडच्या ऐन भरात जन्मलेलोही नव्हतो?

स्पर्धक घरातलाच

आधी अडचण नीट समजून घेऊ. नव्या बँडचे स्पर्धक बाहेर असतात. जुन्या बँडचा सगळ्यात मोठा स्पर्धक म्हणजे तोच बँड, तीस वर्षांपूर्वीचा.

कुठल्याही म्युझिक ॲपवर जाऊन एखाद्या जुन्या बँडचं नाव टाका. वर पाच-दहा लोकप्रिय गाणी दिसतात. ती बहुतेक सगळी जुनी असतात. ती वर दिसतात म्हणून लोक तीच लावतात आणि लोक तीच लावतात म्हणून ती वरच राहतात. नवं गाणं बिचारं खाली, ‘लेटेस्ट रिलीज’च्या चौकोनात. आपल्या गॅदरिंगमध्ये कसं, आवडता सीनियर स्टेजवर आला की मागून ‘तेच गाणं, तेच गाणं’ अशी फर्माईश सुरू होते. बिचाऱ्याने नवं काही बसवलेलं असतं, ते राहूनच जातं.

हे फक्त जुन्या बँडचं दुखणं नाही. अमेरिकेत २०२१ साली जे संगीत ऐकलं आणि विकत घेतलं गेलं, त्यातलं सुमारे ७० टक्के दीड वर्षाहून जुनं होतं. म्हणजे आजची तरुण मंडळीसुद्धा मोठ्या प्रमाणात जुनंच ऐकतायत. २०२० मध्ये स्केटबोर्डवर ज्यूस पीत जाणाऱ्या एका माणसाच्या छोट्याशा व्हिडिओमुळे फ्लीटवूड मॅकचं १९७७ चं ‘ड्रीम्स’ पुन्हा अमेरिकेच्या चार्टवर आलं होतं. भारी गोष्ट आहे. पण चालतं झालं ते जुनंच गाणं. रील जुन्या गाण्याला जिवंत करते, नव्या गाण्याला जन्म देईलच असं नाही.

म्हणजे जुन्या बँडकडे नाव आहे, चाहते आहेत, पैसा आहे. नसतं ते एकच: नवं ऐकायला तयार असलेला कान. तो मिळवण्यासाठी गेल्या दहा-पंधरा वर्षांत काय काय झालं, ते बघण्यासारखं आहे.

तिकिटासोबत अल्बम

सुरुवात बॅकस्ट्रीट बॉइजपासूनच करू. त्यांचा ‘डीएनए’ हा अल्बम जानेवारी २०१९ मध्ये आला आणि थेट अमेरिकेच्या अल्बम चार्टवर पहिला. २००० सालच्या ‘ब्लॅक अँड ब्लू’नंतर पहिल्यांदाच. पहिल्या आठवड्यात सव्वादोन लाखांहून जास्त प्रती गेल्या. वाटतं ना, काय कमबॅक आहे!

यातली मेख अशी, की दौऱ्याच्या तिकिटासोबत अल्बम जोडलेला होता. तिकीट घेणाऱ्याने आपला अल्बम घेतला की तो विक्रीत धरला जायचा. लोक आले होते जुनी गाणी ऐकायला आणि नवा अल्बम हातात पडला. मिसळीबरोबर पाव येतो तसा. यात फसवणूक नव्हती, तेव्हाच्या नियमात बसणारी गोष्ट होती आणि इतरही पुष्कळ कलाकार तेच करत होते. पण मग चार्ट नक्की काय मोजतोय, हा प्रश्न उरतोच. शेवटी २०२० मध्ये ‘बिलबोर्ड’ने नियम बदलले आणि अशा जोडविक्रीला चाप लावला.

माझं म्हणणं असं, की या युक्तीने अल्बम घरात पोचतो, कानात पोचत नाही. बीकेसीत ऐन नव्या गाण्याला सैल पडलेली गर्दी मी डोळ्यांनी बघितली आहे. गंमत म्हणजे त्याच अल्बममध्ये ‘नो प्लेस’ नावाचं एक गाणं आहे आणि त्याच्या व्हिडिओत हे पाचही जण आपापल्या बायकामुलांसोबत आहेत. मावशीला नेमकं तेच आवडतं. तिला त्यासाठी कुणी पाव जोडून द्यावा लागला नाही.

न बोलावलेला पाहुणा

आता मार्केटिंगच्या वर्गात कायम शिकवावं असं उदाहरण. सप्टेंबर २०१४. ॲपलने नवा आयफोन आणला त्याच कार्यक्रमात आयर्लंडचा यू-टू हा बँड स्टेजवर आला आणि जाहीर झालं, की त्यांचा ‘साँग्स ऑफ इनोसन्स’ हा नवा अल्बम आयट्यून्सच्या जगभरातल्या सुमारे ५० कोटी ग्राहकांना फुकट. फुकट म्हणजे ‘हवा असेल तर घ्या’ असं नाही. तो थेट लोकांच्या लायब्ररीत जाऊन बसला.

वाटलं होतं लोक खूश होतील. झालं उलटंच. आपण न मागता आपल्या फोनमध्ये कुणीतरी काहीतरी ठेवून गेलं, याचाच लोकांना राग आला. कित्येक तरुणांना तर हा बँड कोण हेच माहीत नव्हतं. आठवड्याभरात ॲपलला हा अल्बम काढून टाकण्यासाठी वेगळं पान सुरू करावं लागलं आणि पुढे बँडचा गायक बोनोने लोकांची माफीही मागितली. अल्बम वाईट होता की चांगला, यावर कुणी बोललंच नाही. पाच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, हाच बँड नवी मुंबईत आला तेव्हा डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांनी वाजवला तो त्यांचा १९८७ चा ‘द जोशुआ ट्री’.

याच्या चार वर्षं आधी आपल्याकडे एका बँडने फुकटच दिलं होतं, पण वेगळ्या रीतीने. दिल्लीचा इंडियन ओशन. १९९० पासून वाजवणारा बँड, ‘कंदिसा’मुळे तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. नर्मदेवरचं ‘मा रेवा’ही त्यांचंच. डिसेंबर २००९ मध्ये त्यांचा गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती गेला. त्यानंतर आलेला अल्बम ‘१६/३३० खजूर रोड’. हा पत्ता आहे करोलबागेतल्या त्या जुन्या घराचा, जिथे त्यांनी वर्षानुवर्षं तालीम केली. त्यांनी हा अल्बम २०१० मध्ये दर महिन्याला एक गाणं अशा पद्धतीने इंटरनेटवर मोफत ठेवला. ज्याला हवं त्याने यावं, उतरवून घ्यावं.

दोन्हीकडे किंमत शून्यच. पण एक पाहुणा बेल न वाजवता थेट बेडरूममध्ये शिरला आणि दुसऱ्याने आपलं दार उघडं ठेवून ‘या’ म्हटलं. दुसरी गोष्ट अशी, की महिन्याला एक गाणं आलं की एका गाण्याला महिनाभर वेळ मिळतो. नवीन गाणं पहिल्या ऐकण्यात आवडत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दहा गाणी एकदम अंगावर आली की आपण पहिलं तीस सेकंद ऐकतो, दुसरं वीस, आणि चौथ्याला जुन्या प्लेलिस्टवर परत. नव्या गाण्याला सगळ्यात जास्त गरज असते ती वेळेची, आणि ती कुठल्याही जाहिरातीच्या पैशाने विकत मिळत नाही.

काचवाल्याची जाहिरात

ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या ‘हॅकनी गॅझेट’ या स्थानिक पेपरात काचा दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाची जाहिरात आली. दुकानाचं नाव ‘हॅकनी डायमंड्स’. साधी, आपल्याकडे लोकल पेपरच्या आतल्या पानावर असते तसली. पण मजकुरात रोलिंग स्टोन्सच्या गाण्यांची नावं पेरलेली होती आणि एका अक्षरावरच्या टिंबाच्या जागी त्यांची ती प्रसिद्ध लाल जीभ. चाहत्यांनी लगेच ओळखलं आणि मग सगळीकडे तीच चर्चा. ‘हॅकनी डायमंड्स’ म्हणजे तिकडच्या बोलीत गाडी फोडल्यावर रस्त्यावर पडलेल्या काचा. ऑक्टोबरमध्ये त्याच नावाचा अल्बम आला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम होता २००५ चा. म्हणजे मध्ये अठरा वर्षं गेली होती आणि मिक जॅगर ऐंशीचा झाला होता.

ही जाहिरात मला फार आवडते. स्वस्त आहे, खोडकर आहे आणि वाचणाऱ्याला हुशार समजणारी आहे. ‘बघा, आम्ही आलो’ असं ओरडण्याऐवजी तिने ‘ओळखा पाहू’ म्हटलं. जे आपण स्वतः शोधतो ते आपण चार जणांना सांगतो, हा साधा स्वभाव तिने पकडला.

पुढचा खर्च मात्र अफाट होता. ‘अँग्री’ या पहिल्या गाण्याच्या व्हिडिओत सिडनी स्वीनी ही आजची अभिनेत्री उघड्या लाल गाडीतून लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरून जाते. आजूबाजूच्या होर्डिंगवर स्टोन्स गाताना दिसतात. पण कुठले स्टोन्स? तरुणपणचे! जुनी दृश्यं वापरून त्यांच्या तोंडी नवं गाणं घातलेलं. ऑक्टोबरअखेर बार्सिलोनाच्या खेळाडूंनी रेआल माद्रिदविरुद्धच्या सामन्यात तीच लाल जीभ छातीवर मिरवली. फुटबॉलवाल्यांना तो सामना बेलिंगहॅमच्या दोन गोलांमुळे आठवत असेल. बार्सिलोना हरली, पण जीभ जगभर दिसली.

अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला. पण त्या होर्डिंगपाशी मी अडखळते. ऐंशी वर्षांचा माणूस नवं गाणं गातोय, आवाजात अजून दम आहे, हीच तर खरी बातमी होती. मग चेहरा तिशीतला का दाखवायचा? अठरा वर्षांनी एवढं जोरदार काही केल्यावरही स्वतःचं आजचं तोंड लपवावंसं वाटावं, हे जरा वाईट वाटतं.

चाळीस वर्षांनी चौघं

आणि आता या सगळ्यांतली सर्वांत मोठी गोष्ट. स्वीडनचा ॲबा. १९७४ मध्ये ‘वॉटरलू’ गाऊन त्यांनी युरोव्हिजन स्पर्धा जिंकली. बँडमध्ये दोन जोडपी होती. दोघांचेही घटस्फोट झाले, १९८१ मध्ये ‘द व्हिजिटर्स’ हा अल्बम आला आणि पुढच्या वर्षी सगळं थांबलं. पण गाणी थांबली नाहीत. १९९२ चा ‘ॲबा गोल्ड’ हा निवडक गाण्यांचा अल्बम २०२१ पर्यंत ब्रिटनच्या चार्टवर हजार आठवडे राहिला. ‘मामा मिया’ हे नाटक १९९९ पासून चालू, त्यावर २००८ मध्ये सिनेमा, २०१८ मध्ये दुसरा. म्हणजे घरातला स्पर्धक किती तगडा, बघा.

२ सप्टेंबर २०२१ ला त्यांनी एकाच दिवशी तीन गोष्टी सांगितल्या: दोन नवी गाणी आजच ऐका, ‘व्हॉयेज’ हा नवा अल्बम नोव्हेंबरमध्ये, आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये एक कार्यक्रम, ज्यात आम्ही असू पण नसू. त्याच सुमारास ते टिकटॉकवरही आले. आपल्याकडे ते ॲप २०२० मध्येच बंद झालं होतं, पण तिकडच्या विशीतल्या पोरांनी त्यांच्या जुन्या गाण्यांवर आधीच व्हिडिओंचा पाऊस पाडला होता. तिथे जाऊन ॲबाने नाचून दाखवलं नाही. जिथे आपलं नाव आधीच निघतंय तिथे जाऊन फक्त नमस्कार केला.

आता त्यांनी काय केलं नाही ते बघा. त्यांनी नव्या पिढीचा रॅपर घेतला नाही. आजच्या डान्स म्युझिकचे ठोके घातले नाहीत. मुलाखतींतही त्यांचा सूर हाच होता, की आजच्या स्टार्सशी बरोबरी करायला आम्ही आलेलो नाही. अल्बममध्ये दहा गाणी. त्यातल्या एकात तर १९७८ मध्ये गाऊन ठेवलेल्या आवाजाला नवं वादन दिलंय. एक गाणं आहे घटस्फोटानंतर मुलाला त्याच्या वडिलांकडे सोडायला आलेल्या आईचं. एक आहे दारूने पोखरलेल्या संसाराचं. पहिलं गाणं चौघांच्या जुन्या नात्याबद्दल, आणि ते गाणारी माणसं सत्तरी ओलांडलेली आहेत, एकमेकांशी लग्न करून मोडलेली आहेत. हे गाणं विशीतला कुठलाही बँड लिहू शकणार नाही. लिहिलं तरी खरं वाटणार नाही.

लोकांनी घेतलं का? ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात २ लाख ४ हजार. त्यातल्या बहुतेक प्रती सीडी, रेकॉर्ड अशा हातात धरायच्या वस्तू. अमेरिकेत दुसरा नंबर, त्यांच्या आयुष्यातला तिथला सगळ्यात वरचा. आणि तरुणपणी ज्यांना कधी ग्रॅमीचं नामांकन मिळालं नव्हतं त्यांना ते सत्तरीत मिळालं.

मग मे २०२२ मध्ये तो लंडनचा कार्यक्रम सुरू झाला. खास त्यासाठी बांधलेलं तीन हजार माणसांचं सभागृह. चौघांनी पाच आठवडे अंगाला चिकटणारे सेन्सरवाले कपडे घालून, १६० कॅमेऱ्यांसमोर आपली गाणी पुन्हा गायली, आणि ‘स्टार वॉर्स’चे इफेक्ट करणाऱ्या कंपनीने त्यातून त्यांची डिजिटल रूपं बनवली. वाद्यं वाजवणारी माणसं खरी, स्टेजवर. ॲबा मात्र पडद्यावर, १९७९ च्या वयाचे. बघणारे सांगतात की काही मिनिटांत ते खरे नाहीत हे विसरायला होतं.

तंत्रज्ञान म्हणून हे अफलातून आहे, यात वाद नाही. पण त्या कार्यक्रमातल्या विसेक गाण्यांत ‘व्हॉयेज’मधली किती? दोन. सत्तरीतल्या माणसांनी सत्तरीतल्या मनाने केलेल्या दहा गाण्यांना दोन जागा. आणि तीही तिशीतल्या चेहऱ्याने गायलेली. अल्बमने वय लपवलं नाही म्हणून तो लोकांना भिडला. कार्यक्रमाने वय पुसलं आणि तोच अल्बमपेक्षा मोठा धंदा झाला. एकाच बँडने, एकाच वेळी, दोन्ही रस्ते दाखवले. आता बाकीचे कुठला धरतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग करायचं काय?

तुमच्यापैकी कुणी मास मीडिया शिकतंय, कुणी बीबीए करतंय, कुणाचा कॉलेजचा बँड आहे. उद्या एखाद्या जुन्या बँडचं काम तुमच्याकडे आलं, तर काय सांगाल? माझी यादी छोटी आहे.

पहिलं, लोकांच्या फोनमध्ये घुसू नका, आपलं दार उघडं ठेवा. दुसरं, एकेक गाणं द्या, त्याला श्वास घेऊ द्या. तिसरं, जुन्या गाण्याशी भांडू नका, त्याचं बोट धरून नव्याला आणा. कार्यक्रमात दोन जुन्यांच्या मध्ये एक नवं ठेवा आणि आधी मिनिटभर सांगा की हे का लिहिलं. माणूस समजला की गाणं ऐकलं जातं. चौथं, तरुण साथीदार घ्यायचा तर गाण्याला गरज असेल तरच घ्या. कोल्डप्ले आणि बीटीएसचं ‘माय युनिव्हर्स’ २०२१ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, पण म्हणून प्रत्येकाने कोरियाचं तिकीट काढायला नको. आणि शेवटचं, वय लपवू नका. तेच तर तुमच्याकडे आहे आणि विशीतल्या कुणाकडे नाही.

कुणी म्हणेल, मार्केटिंगला एवढा काय भावनिक मुलामा देतेस? लोकांना जुनं हवंय, बँड जुनं देतोय, दोघं खूश. मुद्दा चूक नाही. मी स्वतः जुन्या गाण्यांवर घसा बसेपर्यंत ओरडले आहे. पण एवढंच चालू राहिलं तर काय होईल बघा. कलाकाराला आपण तिशीत गोठवून ठेवू. त्याने म्हातारं व्हायचं नाही, बदलायचं नाही, नवं काही बोलायचं नाही. फक्त फर्माईश पुरवायची. आणि तसंही, आता त्याची डिजिटल बाहुली ते जास्त चांगलं करेल. मग खऱ्या माणसाने नवं गाणं करायचं कशाला?

आणि हा प्रश्न फक्त सत्तरीतल्यांचा नाही. आज जो बँड तुमचा लाडका आहे, तोही कधीतरी पन्नाशीचा होणार. तुम्हीही होणार. तेव्हा आपल्या वयाचं, आपल्या कटकटींचं गाणं गाणारं कुणी असावं असं वाटेलच ना? मावशीला वाटतं तसं.

सगळी जबाबदारी बँडच्या मार्केटिंग टीमवर टाकून चालणार नाही. जाहिरात दारापर्यंत आणते. आत यायचं की नाही, हे आपणच ठरवतो. म्हणून एक सोपं काम सुचवते. तुमच्या आईचा, बाबांचा, काकाचा, मावशीचा तरुणपणचा आवडता बँड विचारा. त्याचा सगळ्यात नवा अल्बम शोधा आणि एकदा, फक्त एकदा, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐका. जमलं तर त्यांच्यासोबत ऐका. नाही आवडला तर नाही आवडला. मीही ‘नो प्लेस’ ऐकलं. वेडी वगैरे झाले नाही. पण तिसऱ्यांदा ऐकताना रिक्षातली मावशी आठवली आणि तिला ते गाणं का लागतं, ते कळलं.

पुढच्या वेळी कुठल्या कार्यक्रमात नवं गाणं लागलं की मी जागची हलणार नाही, असं ठरवलंय. तुम्ही गेलातच, तर येताना माझ्यासाठी एक पाण्याची बाटली आणा.